धाकट्या भावाला व्हिजिट व्हिसावर दुबईला नेतो म्हणायलाय एजंट, पाठवावं का?

गोदाकाठचा_गडी

रामराम मंडळी. जरा लांबलचक लिहायलोय पण पूर्ण वाचा, आणि ज्यांच्या घरातलं कुणी आखातात आहे किंवा जाऊन आलंय त्यांनी खरंखरं सांगा, कारण आमच्या हातात फक्त आठ दिवस आहेत.

मी गंगाखेड तालुक्यातला. घरी साडेतीन एकर कोरडवाहू. काढणीच्या तोंडावर पाऊस आला आणि सोयाबीनला उभ्या जागी शेंगातच कोंब फुटले, खळ्यावर आणलं ते पण काळं पडलेलं. धाकटा भाऊ २४ वर्षांचा, नववीतून शाळा सोडली, पुण्याला चार वर्षं स्लॅबवर सळई बांधायला होता, हात चांगला बसलाय त्याचा. ओळखीतल्या एका माणसानं त्याला दुबईचं सांगितलं. हा माणूस नांदेडला बसतो, त्याचा मोठा एजंट हैदराबादला हाय म्हणं. स्टील फिक्सरचं काम, महिना १८०० दिरहम, खोली कंपनीची, जेवण आपलं. एकूण १ लाख ४० हजार मागितले. २० हजार बयाणा मी फोनपेवरून टाकला आणि पासपोर्ट पण त्यानंच ठेवून घेतला, व्हिसाला लागतो म्हणून.

परवा व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिसाची पीडीएफ आली. घरात सगळ्यांनी बघितली, आईनं तर मोबाईल देवापुढं ठेवला. माझी पुतणी बारावीला आहे, तिनं इंग्रजी वाचून सांगितलं की काका ह्याच्यावर टुरिस्ट लिहिलंय आणि ६० दिवस लिहिलेत. मी फोन केला तर तो म्हणला आता सगळे असंच जायलेत, तिथं उतरल्यावर कंपनी आतल्या आत बदलून घेती, फक्त विमानतळावर कुणी विचारलं तर फिरायला चाललो म्हणायचं, हॉटेलची पावती आणि परतीचं तिकीट मी देतो.

उरलेले १ लाख २० हजार आठ दिवसात द्यायचेत. आईची बोरमाळ मोडायची आणि कमी पडतील ते शेकडा ३ रुपये महिन्यानं उचलायचे असं घरात ठरायलंय. भावाला जायचंच आहे, तो माझ्याशी दोन दिवस झाले बोलंना. मला एवढंच विचारायचंय की असं जाणं कायद्यात बसतं का, एवढे पैसे लागतात का, आणि पासपोर्ट परत कसा घ्यायचा.

उदगीरचा_सेतूवाला

दादा पैसे देऊ नका. आधी हे वाचा मग घरात बसून ठरवा.

मी उदगीरला सेवा केंद्र चालवतो, पासपोर्टचे फॉर्म रोज भरतो, त्यामुळं ह्यातलं बरंच रोज डोळ्याखालून जातं. तुमचा भाऊ दहावी पास नाही म्हणजे त्याच्या पासपोर्टवर ईसीआर असणार. त्याचा अर्थ असा की कामासाठी आखातातल्या आणि अजून काही देशांत (एकूण १८ देशांची यादी आहे, त्यात यूएई म्हणजे दुबईवाला देश, सौदी, कुवेत, कतार, ओमान, बहरीन सगळे आले) जायचं असंल तर सरकारची परवानगी काढूनच जायचं. ही परवानगी ई-मायग्रेट नावाच्या सरकारी पोर्टलवर निघते. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यात हे आहे. परवानगी निघायची तर कंपनीचं नाव, कामाचा करार, पगार, इन्शुरन्स सगळं त्या पोर्टलवर चढवावं लागतं. तुमच्या एजंटला हे काहीच करायचं नाही म्हणून तर तो पोराला फिरायला चाललो असं खोटं बोलायला लावायलाय. फिरायला जाणाऱ्याला ही परवानगी लागत नाही, परतीचं तिकीट असलं की झालं. ती पळवाट आहे.

दुसरं, माणसं बाहेर पाठवायचा धंदा करायला सरकारची नोंदणी लागते. नोंदणी झालेल्या एजंटला आरसी नंबर असतो आणि त्याच पोर्टलवर यादी आहे, त्यात नाव, पत्ता, नोंदणी चालू आहे का बंद झाली, सगळं दिसतं. नांदेडच्या माणसाला नुसता आरसी नंबर विचारा. तो म्हणंल नंबर हैदराबादवाल्याकडं आहे. मग तो नंबर घ्या आणि पोर्टलवर दिलेल्या फोनवर तुम्ही स्वतः फोन लावून विचारा की नांदेडला तुमचा माणूस आहे का. नोंदणीवाल्याच्या नावावर भलताच माणूस पैसे गोळा करतोय असं लई वेळा होतं.

तिसरं पैशाचं. नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५ हजार ४०० घेता येतात, ते पण पावती देऊन. १ लाख ४० हजार कुठून आले ते त्यालाच विचारा.

सरकारची फुकटची हेल्पलाइन आहे १८००-११-३०९०. तिथं फोन करून सगळं सांगता येतं, मी दोघांसाठी लावून दिलेला आहे.

शारजातला_परळीकर

मी जरा वेगळं बोलणार आहे. मी २०१९ ला व्हिजिटवरच आलो, दीड महिन्यात कंपनीनं व्हिसा बदलला, आज सगळं व्यवस्थित आहे, घरी दोन खोल्या बांधल्या, बहिणीचं लग्न केलं. व्हिजिटवर येऊन इथं काम शोधून व्हिसा बदलता येतो, हे पण खरं आहे ना. सगळेच एजंट चोर नसतात. गावात बसून पोरगं काय करणार, तुम्हीच सांगा. ३५ हजारात तर मला अजून कुणी भेटला नाही नेणारा, कागदावरचा नियम एक आणि बाजार एक.

जुबैलचा_मामा

परळीकर, तुझं चांगलं झालं ह्याचा आनंद आहे बाळा, मनापासून. पण तुझ्यासोबत विमानात जे होते त्यातल्या किती जणांचं झालं ते पण सांग. व्हिसा बदलता येतो हे खरं, पण बदलणार कोण? कंपनी. तिनं नाही बदलला तर ६० दिवसानंतर रोजचा ५० दिरहम दंड चढतो, आणि व्हिजिटवर काम करणं तिथं गुन्हाच आहे. २०२४ ला तिथल्या सरकारनं कायदा कडक केला, परमिट नसलेल्या माणसाला कामाला लावणाऱ्या मालकाला १ लाख ते १० लाख दिरहम दंड. म्हणून आता मालक पण घाबरतो, आणि घाबरलेला मालक काय करतो तर धाड पडली की माणसाला ओळखतच नाही म्हणतो.

गोदाकाठच्या दादा, मी ११ वर्षं सौदीत काढली, शटरिंग कारपेंटर. माझं पण पहिल्यांदा तुमच्या भावासारखंच झालं म्हणून एवढं लिहायलोय.

२००८ साल. आमच्याकडं तेव्हा आझाद व्हिसाची हवा होती. आझाद म्हणजे काय, तर कुण्या एका सौदी माणसाच्या नावावर व्हिसा काढायचा, तो आपला कफील, पण काम बाहेर कुठं पण करायचं आणि कफीलला महिन्याला ३०० रियाल द्यायचे. मला वाटलं लई भारी, मालकच नाही डोक्यावर. जमीन गहाण टाकून ९० हजार दिले. तिथं गेल्यावर कळलं की ज्याच्या नावावर आपण आहोत त्याच्याकडं काम नाही आणि ज्याच्याकडं काम करतो त्याच्या नावावर आपण नाही. म्हणजे पगार बुडाला तर तक्रार कुणावर करायची? मी दम्माममध्ये एका साइटवर चार महिने काम केलं, ठेकेदार म्हणायचा हिशोब एकदम करू, ईदला करू, बिल निघू दे, असं करत करत एके दिवशी साइटवरून त्याची गाडीच यायची बंद झाली. चार महिन्याचे ६ हजार रियाल गेले. लेबर ऑफिसला जाऊन आलो, तिथल्या बाबूनं इकामा (तिथं राहायचा परवाना) बघितला आणि विचारलं ह्या कफीलकडं काम करतोस का, मी नाही म्हणलो तर त्यानं इकामा माझ्या हातात ठेवला आणि हळूच सांगितलं की हे इथं पुन्हा बोलू नको, तूच आत जाशील. त्यात कफीलनं इकामा रिन्यू केला नाही. आठ महिने मी शुक्रवारी नमाजाच्या वेळेला सोडून खोलीच्या बाहेर पडलो नाही, पोलीस बघितला की गल्ली बदलायचो. आमच्या खोलीत १४ जण, पलंगावर पलंग, प्रत्येकानं आपापल्या पलंगाला साडीचा पडदा लावलेला. माझ्या पडद्याला आईची जुनी हिरवी साडी होती.

दुसऱ्यांदा गेलो ते कंपनीच्या व्हिसावर, करार सही करून, परवानगी काढून. काम तेच, ऊन तेच, पण जमीन-अस्मानाचा फरक. पगार बँकेत यायचा, म्हणून एक महिना उशीर झाला तर पुरावा होता. एकदा ओव्हरटाइम कापला तेव्हा आम्ही नऊ जण गेलो आणि पैसे निघाले, कारण माझ्याकडं वही होती. शाळेची दोनशे पानी वही, रोज रात्री तारीख, साइटचं नाव, किती वाजता बसमध्ये बसलो, किती वाजता उतरलो, फोरमनचं नाव. फोरमन हसायचा मला मास्तर म्हणून. लेबर कोर्टात तीच वही पुढं ठेवली, आणि कंपनीची हजेरी माझ्या वहीशी जुळली.

म्हणून सांगतो, जायला नाही म्हणू नका. जाऊ दे पोराला, हातात कला आहे त्याच्या. पण कागदाच्या रस्त्यानं जाऊ द्या. कागदाच्या रस्त्यानं गेलेल्यावर पण अन्याय होतो, नाही असं नाही, पण त्याला दार ठोठवायला जागा असते. बिनकागदाच्या माणसाला दारच नसतं.

अजून दोन गोष्टी. इथं सही केलेला करार आणि तिथं उतरल्यावर पुढं केलेला करार वेगळा निघतो, हा लई जुना डाव आहे. इथं १८०० आणि तिथं १२००, म्हणणार सही कर नाहीतर परत जा, आणि कर्ज काढून आलेला माणूस सही करतो. यूएईत कंपनीला आधी सरकारच्या नमुन्यातलं ऑफर लेटर द्यावं लागतं, ते हिंदीत पण असतं, आणि नंतरचा करार त्याच्यापेक्षा कमी चालत नाही. ते लेटर इथंच मागा. त्याचा फोटो भावाच्या मोबाईलमध्ये, तुमच्या मोबाईलमध्ये आणि झेरॉक्स घरच्या पेटीत.

आणि पगार थकला, मारहाण झाली, काही झालं तरी तक्रार न करता कॅम्प सोडून पळायचं नाही. पळाला की मालक तो फरार झाल्याचं लिहून देतो, सौदीत त्याला हुरूब म्हणतात, आणि मग बरोबर असलेला माणूस कागदावर गुन्हेगार होतो. आधी तक्रार नोंदवायची, त्याचा नंबर घ्यायचा, मग पुढचं.

माजलगावची_लेक

मी इथं कधी लिहीत नाही, फक्त वाचते. पण पासपोर्ट एजंटकडं आहे आणि आठ दिवसात पैसे द्यायचेत वाचून राहवलं नाही.

माझे मालक, म्हणजे पोरीचे वडील, ओमानला होते, प्लास्टरचं काम. तीन वर्षांपूर्वी मस्कतजवळ परांची वरून पडून गेले. सकाळी ९ ला त्यांच्यासोबतच्या माणसानं फोन केला आणि नुसता रडायलाच लागला, मला समजायला पाच मिनिटं लागली. ते यायला २६ दिवस लागले. तिथले पोलिसांचे कागद, वकिलातीचे कागद, इथून माझी संमती, सगळं इंग्रजीत आणि अरबीत. मला मराठीशिवाय येत नाही. सरकारचं मदद नावाचं पोर्टल आहे परदेशात अडकलेल्यांसाठी आणि अशा कामांसाठी, त्यावर आमच्या गावच्या ग्रामसेवकांनी तक्रार टाकून दिली आणि मग हालचाल झाली. ज्यांच्यावर वेळ येईल त्यांनी पहिल्या दिवशीच ते करा, मी नऊ दिवस एजंटच्या फोनची वाट बघण्यात घालवले.

त्यांचा करार कायदेशीर होता, परवानगी काढून गेले होते. म्हणून त्यांचा प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा होता. हा विमा तेव्हा दोन वर्षांचा २७५ रुपये आणि तीन वर्षांचा ३७५ रुपये, वर जीएसटी. अपघाती मृत्यूला १० लाख. परवानगी काढताना तो काढावाच लागतो. पण मला हे माहीतच नव्हतं! त्यांनी घरी कधी सांगितलं नाही, त्यांना पण बहुतेक कळलं नसंल कशाचा कागद आहे. त्यांची बॅग आली त्यात दोन शर्ट, पोरीसाठी घेतलेली घड्याळाची डबी आणि प्लास्टिकच्या पिशवीत दुमडलेले कागद होते. मी ती पिशवी चार महिने उघडली नाही. भावानं उघडली तेव्हा पॉलिसी निघाली.

तरी सोपं झालं नाही. पासपोर्टवर त्यांचं नाव एक, आधारवर वडिलांच्या नावात एक अक्षर वेगळं, आणि वारस म्हणून माझं नाव घालताना लग्नाआधीचं घातलेलं. तहसीलला, कोर्टाला, परत विमावाल्यांकडं असं १४ महिने चाललं. एका बाबूनं तर तोंडावर सांगितलं की बाई एवढी घाई कशाला. शेवटी मिळाले. पोरीच्या नावानं ठेवलेत.

दादा, तुमचा भाऊ टुरिस्ट म्हणून गेला आणि देव न करो वरून पडला, तर हा विमा नाही, कंपनी म्हणणार आमचा माणूसच नव्हता. आमच्या मालकांच्या कंपनीनं पण आधी असाच एक कागद पाठवला होता सहीला, अरबीत, एजंट म्हणला बॉडी लवकर यायसाठी आहे. वकिलातीतल्या एका साहेबांनी फोनवर वाचून सांगितलं की त्यात सगळा हिशोब मिळाला, काही बाकी नाही असं लिहिलंय. मी सही केली नाही. राहिलेला पगार आणि तिथल्या कायद्याची भरपाई नंतर वकिलातीमार्फत आली. जो कागद वाचता येत नाही त्यावर सही करू नका, कितीही रडू येत असलं तरी.

आणि नाव नीट करून घ्या. आजच. पासपोर्ट, आधार, बँक, तिन्हीवर एकच नाव.

उदगीरचा_सेतूवाला

ताई, तुमचं वाचून केंद्रावर पाच मिनिटं नुसता बसून होतो. नावाचं मी आता येणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारणार.

मुकादमाचा_नातू

धारूरकडचा आहे. आमच्या घरात तीन पिढ्या ऊसतोड, आजोबा मुकादम होते. मी एक सांगू का, हे एजंटचं सगळं आपल्याकडच्या उचलीसारखंच आहे, फक्त उलटं. ऊसतोडीत मुकादम आधी पैसे देतो आणि मग माणूस सहा महिने फिटेपर्यंत बांधला जातो. इथं माणूस आधी पैसे देतो आणि तरी तोच बांधला जातो, कारण सावकाराचं व्याज गावाकडं चालूच असतं. शेकडा ३ नं ८० हजार उचलले तर महिन्याला २४०० नुसतं व्याज. म्हणून तर तिथं पगार कमी दिला तरी तो तोंड उघडत नाही. कोयता घेऊन जाणारे निदान जोडीनं जातात, सोबत बैल असतो, भावकीतला माणूस असतो. हे लेकरू एकटं जाणार.

हिंगोलीची_सिस्टर

विषय निघालाच आहे तर, आमच्या वस्तीतल्या एका २६ वर्षांच्या मुलीला कुवेतला घरकामाला नेतो म्हणून एक बाई पैसे न घेताच तयार झाली आहे. म्हणते सगळा खर्च मालकीण करणार. पगार ४० हजार. मुलगी सातवी शिकलेली. ह्यात काही धोका आहे का?

उदगीरचा_सेतूवाला

ताई, लगेच थांबवा. ईसीआर पासपोर्टवर बाईला ह्या देशांत कामाला जायचं तर वय कमीत कमी ३० लागतं, आणि अशा बायकांची भरती फक्त सरकारनं ठरवलेल्या एजन्स्यांमार्फतच होते. २६ व्या वर्षी तिला कायदेशीर नेताच येणार नाही, म्हणजे व्हिजिटवर नेणार. फुकट नेणारी बाई तिकडं घरमालकाकडून पैसे घेते, आणि मग मालक म्हणतो मी विकत आणली. मुलीचा पासपोर्ट तिच्याच आईजवळ राहू द्या.

जुबैलचा_मामा

बरोबर. आणि घरकामाला गेलेल्या बाईचं सगळ्यात अवघड असतं, आम्ही कॅम्पवर ५०० जण असायचो, काही झालं तरी शेजारच्या पलंगावर माणूस असायचा. ती एका घरात एकटी, मोबाईल पण मालकिणीकडं. सौदीत २०२१ पासून एक वर्षानंतर मालकाच्या परवानगीशिवाय कंपनी बदलता येते असा चांगला बदल झाला, पण घरकामवाल्या आणि घरचे ड्रायव्हर त्यातून वगळले. ज्यांना सगळ्यात जास्त गरज तेच बाहेर ठेवले. ह्याचा मला आजपण राग येतो.

सिडको_एन७

संभाजीनगरहून. दहावी-बारावी-डिप्लोमा झालेल्यांनी पण सावध राहा, त्यांच्या पासपोर्टवर ईसीआर नसतं म्हणून कुणी अडवत पण नाही. माझ्या मावसभावाला बँकॉकला डेटा एंट्री, ७० हजार पगार, तिकीट फुकट अशी ऑफर आली होती टेलिग्रामवर. इंटरव्ह्यू फक्त टायपिंग स्पीडचा. थायलंडला उतरवून सीमेपलीकडं म्यानमारच्या म्यावाडीला नेतात आणि तिथं डांबून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतात. मार्च २०२५ ला आपल्या सरकारनं हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसात ५४९ जणांना तिथून सोडवून आणलं, त्या बातम्या त्याला दाखवल्या तेव्हा तो ऐकला.

शारजातला_परळीकर

मामा, तुम्ही विचारलं म्हणून खरं सांगतो. आमच्यासोबत सहा जण होते. माझं आणि अजून एकाचं झालं. एक जण दंड चढल्यावर माफीची योजना येईपर्यंत लपून राहिला. बाकीच्यांचे नंबर माझ्याकडं आता नाहीत. मी घाईत लिहिलं काल, ह्या दादांनी माझ्या भरवशावर पैसे देऊ नयेत. तुमच्या भावाचं काम नीट रस्त्यानं झालं आणि तो इकडं आला तर मला मेसेज करा, पहिला पगार होईपर्यंत खोलीची आणि जेवणाची सोय मी बघतो. आणि उन्हाचं एक सांगून ठेवा त्याला, इथं १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उघड्यावर काम करायला बंदी आहे. फोरमन उभं करत असंल तर फोटो काढून तक्रार करता येते, नवीन पोरांना हे कुणी सांगत नाही आणि ते चक्कर येईपर्यंत सळई वाकवत राहतात.

गोदाकाठचा_गडी

मंडळी, चार दिवसानं लिहायलोय. आधी तुम्हा सगळ्यांना हात जोडून नमस्कार, माजलगावच्या ताईंना विशेष. त्यांचं लिहिलेलं मी मोठ्यानं वाचून दाखवलं घरात. आई काही बोलली नाही, उठून आत गेली आणि बोरमाळ परत डब्यात ठेवली. भाऊ उठून बाहेर गेला, रात्री उशिरा आला आणि म्हणला दादा उद्या मी पण येतो नांदेडला.

गेलो. आरसी नंबर मागितला. आधी लई गोड बोलला, मग म्हणला तुम्हाला विश्वास नसंल तर राहू द्या, तुमच्या मागं दहा जण लाइनीत आहेत. हैदराबादवाल्याचा म्हणून जो नंबर दिला तो मी पोर्टलवर टाकून बघितला (पुतणीनं बघितला), तो एजंट मुंबईचा निघाला आणि त्याची नोंदणी कधीचीच संपलेली. मी पासपोर्ट मागितला तर म्हणला व्हिसाचा खर्च झालाय, १५ हजार द्या आणि घेऊन जा. तेव्हा मी १८००-११-३०९० ला तिथंच त्याच्यासमोर फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पलीकडच्या बाईंनी सांगितलं की पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते, दुसऱ्या कुणाला अडकवून ठेवता येत नाही, तुम्ही पोलिसात तक्रार द्या. त्यानं ड्रॉवर उघडला. त्या ड्रॉवरमध्ये रबरबँड लावलेले पासपोर्टचे गठ्ठे होते, मी तीन मोजले, एकेका गठ्ठ्यात वीस तरी असतील. आमचा काढून दिला. भावानं तो शर्टाच्या आत घातला आणि गाडीवर परभणीपर्यंत छातीवर हात धरूनच बसला होता.

२० हजार काही दिले नाहीत. फोनपेचा स्क्रीनशॉट, ती टुरिस्टची पीडीएफ, आणि फोनवर बोललेलं रेकॉर्डिंग आहे. मला माझ्या पैशापेक्षा ते गठ्ठे आठवायलेत सारखे. ती सगळी आपल्यासारख्यांचीच लेकरं असणार, नांदेड, हिंगोली, परभणीची. तक्रार कुठं आणि कशी द्यायची?

उदगीरचा_सेतूवाला

शाब्बास दादा. पोलिसात लेखी तक्रार द्या, त्यात फसवणुकीसोबत १९८३ च्या कायद्यात नोंदणीशिवाय भरती केल्याचं स्पष्ट लिहा, कारण नुसतं पैशाचं लिहिलं की देवाणघेवाणीचा मामला म्हणून बाजूला ठेवतात. त्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पासपोर्टच्या गठ्ठ्यांचा उल्लेख नक्की करा. ठाण्यात घेतली नाही तर एसपी ऑफिसला स्पीड पोस्टानं. एक प्रत मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स ऑफिसला (बाहेर कामाला जायची परवानगी देणारं सरकारी ऑफिस) आणि तीच तक्रार ई-मायग्रेटवर पण टाका. मसुदा मी मराठीत करून देतो, मला मेसेज करा, पैसे नकोत.

आणि अजून एक, सगळ्यांसाठी. केरळनं १९९६ मध्येच बाहेर जाणाऱ्यांसाठी वेगळं सरकारी खातं काढलं. शेजारच्या तेलंगणाची स्वतःची सरकारी भरती कंपनी आहे. नांदेड जिल्ह्याला तेलंगणाची हद्द लागूनच आहे, माणसं दोन्हीकडची त्याच कॅम्पमध्ये झोपतात. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी निदान एक खिडकी तरी पाहिजे जिथं माणूस व्हिसाचा कागद घेऊन जाईल आणि कुणीतरी त्याला मराठीत वाचून सांगंल. मी आमच्या आमदारांना पत्र लिहायलोय, ज्यांना सही करायची त्यांनी कळवा.

मुकादमाचा_नातू

माझी सही धरा. धारूर, वडवणी, केजकडून अजून पन्नास आणतो.

माजलगावची_लेक

माझी पण. नाव पूर्ण लिहा, लग्नानंतरचं.

जुबैलचा_मामा

गोदाकाठच्या, भावाला सांग रागावू नको म्हणावं. दोन-तीन महिने उशीर होईल, पण ट्रेड टेस्ट (कामाची परीक्षा) दिली तर स्टील फिक्सरला मागणी आहे. टेस्टला ड्रॉइंग वाचायला लावतात आणि बार बेंडिंग शेड्यूल (कोणती सळई किती कापायची, कशी वाकवायची त्याचा तक्ता) विचारतात, नुसती सळई बांधता येऊन भागत नाही, तिथंच आपली पोरं मार खातात. त्याला पुढच्या रविवारी माझ्याकडं सेलूला पाठव. माझ्याकडं जुनी ड्रॉइंगं आहेत आणि पाय दुखतो म्हणून मी घरीच असतो. येताना दोनशे पानी वही घेऊन ये म्हणावं.

गोदाकाठचा_गडी

मामा, तो इथंच शेजारी बसून वाचायलाय. रविवारी सकाळच्या गाडीनं येतो म्हणला.